मुलीला तत्त्वज्ञान शिकायचे आहे



बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात पंधरा दिवस नुसती वर्दळ असते. टी.सी., चारित्र्य प्रमाणपत्र, कुणाच्या गुणपत्रिकेत आईचे नाव चुकलेले, कुणाची जन्मतारीख. यंदा त्याच गर्दीत एक पालक मुलीला घेऊन माझ्या खोलीत आले. घर जुने, चार पिढ्यांपासून बालाघाटात. मुलगी पहिलीपासून आपल्याच शाळेतली, कला शाखेची, गुण ८८ टक्के. वडील खुर्चीवर बसले, मुलगी उभीच राहिली. ते म्हणाले, "मॅडम, हिला तुम्हीच जरा समजवा. बी.ए.ला फिलॉसफी मेजर घ्यायची म्हणते."

इतकी वर्षे शाळेत काढल्यावर 'समजवा' या शब्दाचा अर्थ मला कळतो. पालकांच्या तोंडी त्याचा अर्थ समजावून सांगा असा नसतो. मागे फिरवा असा असतो.

ज्यांची मुले अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वेळी बी.ए.ला सारख्या वजनाचे तीन विषय असत. २०२१ पासून आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांत नवे शिक्षण धोरण लागू झाले. आता एक विषय मेजर, म्हणजे मुख्य असतो, दुसरा मायनर, आणि बाकीचे त्यांच्या जोडीला. म्हणजे तत्त्वज्ञान हा तीनपैकी एक विषय म्हणून उरकून टाकता येत नाही. मुलगी म्हणते आहे ते खरोखरच मोठे पाऊल आहे आणि वडिलांची काळजी उगाच नाही.

मी मुलीला विचारले, "का ग?" ती म्हणाली, "मॅडम, आजोबा गेले तेव्हा घरी सगळे म्हणत होते, आत्मा अमर असतो. मी विचारलं, मग आपण रडतो कशासाठी? काका रागावले. आजी म्हणाली, असं बोलू नये. नंतर लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं की या प्रश्नावर लोक अडीच हजार वर्षांपासून भांडत आलेत. कुणी म्हणतं आत्मा आहे, कुणी म्हणतं नाही, आणि दोघंही कारणं देतात. मला ती कारणं वाचायची आहेत."

वडील माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही, आणि त्याला कारण आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्यालाही हाच विषय घ्यायचा होता. मी स्वतः बी.ए.ला हिंदी साहित्य आणि इतिहासाबरोबर दर्शनशास्त्र शिकलेली. तरी मीच त्याला म्हटले, "आधी बी.कॉम. कर, पोटापाण्याचं बघ, पुस्तकं काय, नंतरही वाचता येतील." त्याने ऐकले. आज तो एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळतो. संसार नीट चालला आहे, तक्रार काही नाही. मात्र गणपतीत भेटला की हसत विचारतो, "मॅडम, ते दर्शनाचं पुस्तक अजून आहे का तुमच्याकडे?" दरवर्षी विचारतो. मी दरवर्षी म्हणते, आहे, घेऊन जा. तो नेत नाही.

तर मी त्या वडिलांकडे दोन दिवस मागितले. दोन दिवसांत जे मनात आले ते त्यांना सांगितले, आणि तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण प्रश्न एका घराचा नाही.

पहिली गोष्ट शब्दाची. हिंदीत आपण दर्शनशास्त्र म्हणतो, मराठीत तत्त्वज्ञान. माझे मराठी घरचे आणि दर्शन हिंदीतले. याकूब मसीह यांचा पाश्चात्य दर्शनाचा इतिहास आणि हरेंद्र प्रसाद सिन्हा यांची भारतीय दर्शनाची रूपरेखा, ही माझी पुस्तके. त्यामुळे मला हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहायची खोड आहे. मराठी घरात तत्त्वज्ञान या शब्दाची मोठी गंमत होते. देवघरात ज्ञानेश्वरी असते, एकादशीला कीर्तन असते, तिथे हा शब्द हात जोडून उच्चारतात. आणि मुलाने जेवताना काही वेगळे विचारले की तोच शब्द शिवीसारखा येतो: "तत्त्वज्ञान पाजळू नकोस, गप जेव." आपल्याला तत्त्वज्ञान ऐकायला चालते, विचारायला चालत नाही. मुलीच्या काकांचा राग या दुसऱ्या जातीचा होता.

वडिलांची पुढची शंका मी अर्धी थट्टा म्हणून घेतली, पण ती बऱ्याच घरांतून येते. ते म्हणाले, "मॅडम, जबलपूरचे ते प्राध्यापक पुढे ओशो झाले, ते फिलॉसफीचेच ना?" होय, फिलॉसफीचेच. रजनीशांनी जबलपूरच्या डी. एन. जैन महाविद्यालयातून १९५५ साली तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केले, १९५७ साली सागर विद्यापीठातून एम.ए., आणि १९६६ पर्यंत जबलपूरला शिकवले. त्यांच्याविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, मी त्यांच्या मार्गातली नाही. पण त्याच सागरला दयाकृष्ण यांच्यासारखा कठोर तर्काचा माणूस शिकवून गेला, आणि याच विभागांतून शिकून कितीतरी माणसे आयुष्यभर खडू हातात घेऊन वर्गात उभी राहिली. त्यांची नावे कुणाला ठाऊक नसतात म्हणून आपल्याला एकच आठवते.

आता या विषयात शिकवतात तरी काय, हे सांगायला हवे. बऱ्याच पालकांची समजूत अशी की तीन वर्षे सुविचार पाठ करायचे. मी भाषण देण्याऐवजी वर्गातला एक तास सांगते.

दोन वर्षांपूर्वी नववीचा एक तास रिकामा होता, शिक्षक रजेवर. मी गेले आणि फळ्यावर आपल्या न्यायशास्त्रातले सगळ्यात जुने उदाहरण लिहिले: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. विचारले, बरोबर आहे का? सगळा वर्ग म्हणाला, बरोबर. मग म्हटले, आता चूक काढा. थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, जाळ विझल्यावरपण धूर निघतो." दुसरी म्हणाली, "वैनगंगेच्या पुलावर थंडीत सकाळी दिसतो तो धूर नसतो, धुकं असतं." बैहरकडच्या गावातून येणारा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "मार्च महिना असेल तर मोह वेचायला खालचा पाला जाळलाय. मोठी आग नाही." मग मी वाक्य उलटे केले: डोंगरावर धूर असणार, कारण तिथे आग आहे. हे तरी बरोबर? एक मुलगी चटकन म्हणाली, "गॅसच्या शेगडीला कुठं धूर असतो?"

मला क्षणभर काही सुचले नाही. कारण आपल्या नैयायिकांनी नेमकी हीच अडचण तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण देऊन मांडली आहे. आग आहे, धूर नाही. धूर येण्यासाठी ओले सरपण लागते, आणि ही जी मध्ये लपलेली अट आहे तिला ते उपाधी म्हणतात. नववीच्या मुलीने शतकानुशतके चाललेल्या वादातला मुद्दा गॅसच्या शेगडीवरून स्वतः शोधून काढला. तिला फक्त त्याचे नाव माहीत नव्हते.

इथे एक भाषेचा मुद्दा आहे तो सांगून टाकते. हिंदीत अनुमान म्हणजे अंदाज, अटकळ. मराठीत आपण अनुमान काढतो, म्हणजे पुराव्यावरून निष्कर्षाला येतो. आपली मुले मराठी बोलतानाही हा शब्द हिंदीच्या अर्थाने वापरतात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात या दोन अर्थांतले अंतरच शिकवायचे असते. तुम्हाला वाटते ते अटकळ आहे की निष्कर्ष? मधली अट कोणती, आणि ती तपासली का? खाणीचे कंत्राट, जमिनीचा व्यवहार, मुलीचे स्थळ, डॉक्टरांचा रिपोर्ट, कुठेही हा प्रश्न लागू पडतो.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे भांडायचे कसे. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, म्हणजे खरे काय ते शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा, म्हणजे स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे फक्त पाडणे. यातला तिसरा शब्द मराठीने वितंडवाद म्हणून रोजच्या वापरात ठेवला. पहिल्याची मात्र आपण पार नासाडी केली आणि वाद म्हणजे भांडणच करून टाकले. आमच्या पालकसभांत तिन्ही प्रकार पाहायला मिळतात. (मागच्या सभेत गणवेशाच्या रंगावर जे झाले ते कोणते होते, हे मी इथे लिहीत नाही.)

आणि या सगळ्याच्या आधी येतो पूर्वपक्ष. दुसऱ्याचे म्हणणे त्याला स्वतःलाही मांडता येणार नाही इतक्या ताकदीने आधी मांडायचे, मगच उत्तराला हात घालायचा. १९८३ साली पुण्यात एक मोठा प्रयोग झाला. मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आणि इतर प्राध्यापकांनी जुन्या पद्धतीने शिकलेल्या पंडितांना बोलावले. बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाचा विचार त्यांच्यापुढे संस्कृतात मांडला आणि म्हटले, आता बोला. काशीचे पं. बदरीनाथ शुक्ल यांच्यासारखी माणसे त्यावर आपल्या शास्त्राच्या बाजूने बोलली. एकमेकांची भाषा न येणारी दोन विद्वानांची जगे समोरासमोर बसली, आणि पुढे त्याचे पुस्तकही निघाले. आपल्या गावात दोन मोहल्ल्यांची माणसे पाण्याच्या टाकीवरून अशी बसली असती तर किती खटले वाचले असते, असे मला नेहमी वाटते.

तर त्या वडिलांचा पूर्वपक्ष मी मांडायलाच हवा. त्यांचे म्हणणे असे: दुकान आता पूर्वीसारखे चालत नाही, लोक मोबाइलवर माल मागवतात. धाकटा मुलगा दहावीत आहे, त्याच्या शिक्षणाला पैसा लागेल. मुलीने बी.ए. करावे, पण असा विषय घ्यावा की पुढे बी.एड. करून शाळेत लागता येईल. आपल्या शाळेत तत्त्वज्ञान हा विषयच नाही, मग ती शिकवणार कुठे? बाहेरगावी ठेवायचे म्हणजे वसतिगृह, खानावळ, जाणे-येणे. एवढे करून हातात काय? यातले एकही वाक्य खोटे नाही. ते मुलीचे शत्रू नाहीत. ते महिन्याचा हिशेब सांगत आहेत.

आमच्यासारखे लोक अशा वेळी थोरांची नावे सांगून पालकांना गप्प करतात. मीही तेच करणार होते. डॉ. राधाकृष्णन सांगणार होते. शिक्षक दिनाला आपण त्यांचा फोटो लावतो. त्यांच्याविषयी सांगतात की घरची स्थिती बेताची होती, नात्यातल्या एकाने आपली अभ्यास संपलेली तत्त्वज्ञानाची पुस्तके त्यांना फुकट दिली आणि म्हणून त्यांनी तो विषय घेतला. पुस्तके गणिताची मिळाली असती तर आपण ५ सप्टेंबरला काय केले असते, देव जाणे. गुरुदेव रा. द. रानडे सांगणार होते. जमखंडीचा हा मराठी माणूस हिंदी मुलखात गेला आणि अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचा प्रमुख झाला. उपनिषदांवरचा त्यांचा १९२६ सालचा ग्रंथ आजही वाचला जातो. आपल्यापैकी जे दरवर्षी दीक्षाभूमीला जातात त्यांना हेही सांगणार होते की बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले खरे, पण तिथल्या जॉन ड्यूई या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा त्यांच्यावर आयुष्यभर ठसा राहिला.

आणि आगरकर तर सांगणारच होते. तेही एम.ए.ला इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकलेले. त्यांनी आईला लिहिलेल्या पत्राची गोष्ट आपण शाळेत मोठ्या अभिमानाने सांगतो: मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी मिळेल अशी आशा तू धरू नकोस, मी पोटापुरते घेऊन बाकीचे आयुष्य लोकांसाठी घालवणार आहे. मी ही गोष्ट वीस वेळा तरी सांगितली असेल. त्या दोन दिवसांत मात्र पहिल्यांदा मनात आले की हे पत्र आपण नेहमी लिहिणाऱ्याच्या बाजूने वाचतो. ते ज्या बाईला मिळाले तिचे काय? तिने कुणाकुणाचे देणे मनात धरले असेल, मुलगा शिकला की फेडू म्हणून. विचार करणाऱ्या माणसाचा खर्च कुणीतरी उचलतो, आणि बहुतेक वेळा त्याचे घर उचलते, त्याला न विचारता.

म्हणून वडिलांना आगरकर सांगायचा माझा धीर झाला नाही. मी त्यांना अमळनेर सांगितले.

अमळनेर हे खानदेशातले, आपल्या बालाघाटसारखेच लहान गाव. आपल्याकडे भरवेलीची मँगनीजची खाण, तशी तिथे प्रताप मिल. गिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. मंदिर म्हणजे देऊळ नव्हे, संस्था. इंग्रजीत तिचे नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसफी. शेठजींनी धर्मशाळा बांधल्या असत्या तरी पुण्य मिळालेच असते. त्यांनी तरुण अभ्यासकांना फेलो म्हणून ठेवून विचार करायला जागा आणि वेळ दिला. १९२५ पासून तिथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक निघू लागले आणि कापसाच्या त्या गावाचे नाव देशोदेशीच्या विद्यापीठांत पोहोचले. घनश्यामदास मलकानी सिंधी, रासविहारी दास बंगाली, टी. आर. व्ही. मूर्ती दक्षिणेतले. हे सगळे अमळनेरला एकत्र बसून अज्ञान या एका कल्पनेवर वाद घालत, आणि १९३३ साली तिघांनी मिळून 'अज्ञान' याच नावाचे पुस्तक काढले. हेच मूर्ती पुढे काशीला गेले आणि बौद्ध माध्यमिक दर्शनावरच्या ग्रंथामुळे जगभर ओळखले गेले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य तर काही काळ या संस्थेचे संचालक होते. ते मूळचे माझ्याच व्यवसायातले, महाविद्यालयाचे प्राचार्य. विचारांतले स्वराज्य या विषयावरचे त्यांचे व्याख्यान प्रसिद्ध आहे. राज्य परक्याचे असले तर कळते, पण मन परक्या विचारांच्या ताब्यात गेले तर कळतही नाही, असा त्याचा रोख. हिंदीत शिकून मराठीत विचार करणाऱ्या आणि इंग्रजीत परिपत्रके वाचणाऱ्या माझ्यासारखीला ते जरा लागते.

याच तत्त्वज्ञान मंदिरात १९२३च्या सुमारास एक तरुण शिकायला आला. पांडुरंग सदाशिव साने. १९२४ साली तो तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, मग वसतिगृहाचे काम अंगावर घेतले. मुलांचे अंथरूण-पांघरूण पाहायचे, आजाऱ्याची सेवा करायची आणि त्यांच्यासाठी रोज हाताने दैनिक लिहायचे. १९३० साली स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी नोकरी सोडली, पण तोवर तो सगळ्यांचा साने गुरुजी झाला होता. तत्त्वज्ञान शिकायला आलेला माणूस शाळेत गेला, म्हणजे त्याचे तत्त्वज्ञान वाया गेले का? मी शाळेतच असल्यामुळे माझे मत एकतर्फी असणार, ते सोडून द्या. पण प्रताप शेठनी पैसे दिले तेव्हा यातून कोण काय होईल हे त्यांना माहीत नव्हते आणि त्यांनी ते विचारले नाही, एवढे नक्की.

वडील ऐकत होते. मग म्हणाले, "पण मॅडम, आपल्याकडे प्रताप शेठ कुठे आहेत?"

आणि इथे मला आपल्या विश्वस्त मंडळाशी बोलायचे आहे.

आपल्या संस्थेचा शिष्यवृत्ती निधी आहे. समाजातल्या लोकांनी वर्षानुवर्षे भर घालून तो जमवला. कुणी आईच्या नावाने दिले, कुणी मुलाच्या पहिल्या पगारातून. त्याचा नियम असा की शिष्यवृत्ती अभियांत्रिकी, वैद्यकीय व तत्सम व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच मिळेल. नियम झाला तेव्हा तो योग्य होता. तेव्हा आपल्या मुलांना ती दारेच उघडत नव्हती, फी भरता येत नव्हती, आणि या निधीने कितीतरी घरे उभी राहिली. त्याबद्दल मला कृतज्ञताच आहे. पण आज अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाला बँकेचे कर्ज सहज मिळते. बी.ए.साठी सागरला किंवा पुण्याला जाणाऱ्या मुलीला कर्ज मागायला गेले तर समोरचा माणूस आधी विषयाचे नाव दोनदा विचारतो. म्हणजे ज्याला बाहेरून मदत मिळते त्यालाच आपणही देतो. याचा परिणाम असा की ज्या घरात पैसा आहे त्याच घरातल्या मुलाने इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा असले विषय घ्यावेत आणि दुकानदाराच्या मुलीने पोटाचे पाहावे, असे आपण न लिहिता ठरवून टाकले आहे. बारा वर्षांपूर्वी त्या मुलाला मी जे सांगितले ते याच न लिहिलेल्या नियमाने सांगितले.

माझी मागणी लहान आहे. निधीतली दरवर्षीची एक शिष्यवृत्ती कोणताही मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी खुली ठेवावी. तत्त्वज्ञानासाठी राखून ठेवा असे मी म्हणत नाही. शुद्ध गणित असो, संस्कृत असो, मराठी असो. फक्त वसतिगृह आणि खानावळीचा खर्च निघाला तरी पुरे.

पोटाच्या प्रश्नाचे उत्तर मी टाळते आहे असे कुणाला वाटू नये. तत्त्वज्ञान घेऊन नोकरी आपणहून चालत येत नाही. पुढे एम.ए. आणि नेट करून महाविद्यालयात शिकवता येते, पण जागा थोड्या असतात. कायदा, पत्रकारिता, सामाजिक काम, प्रशासन या वाटांना हा पाया चांगला असतो, पण वाट वेगळी चालावीच लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, आणि २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. कोचिंगवाले हे फार मोठ्याने सांगतात. माझे म्हणणे, तेवढ्यासाठी हा विषय घेऊ नये. ज्याला प्रश्नच पडत नाहीत त्याला कांट वाचणे ही शिक्षा आहे (मराठीतली, हिंदीतली नव्हे). आणि ज्याला पडतात त्यानेही आरंभीची चार-पाच वर्षे बरोबरीच्या मित्रांपेक्षा कमी कमवायची तयारी ठेवावी. हे मी मुलीला वडिलांसमोर सांगितले. ती म्हणाली, "चालेल." सतरा-अठराव्या वर्षी 'चालेल' म्हणणे सोपे असते, हेही मी तिला सांगितले.

कुठे शिकता येईल, तेही थोडक्यात. सागरचे डॉ. हरीसिंह गौर विद्यापीठ २००९ पासून केंद्रीय आहे, फी बेताची, आणि प्रवेश २०२२ पासून सी.यू.ई.टी. परीक्षेतून होतो. हे विद्यापीठ १९४६ साली गौर साहेबांनी स्वतःच्या कमाईच्या पैशातून काढले, म्हणजे आपल्या बाजूलाही एक प्रताप शेठ होऊन गेला. काशी हिंदू विद्यापीठ आहे. पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालय आहे. बालाघाट १९५६ पर्यंत ज्या नागपूरकडे पाहत होते त्या नागपूरला एम.ए.साठी विद्यापीठाचा विभाग आहे. नागपूरच्याच मातीतले सुरेंद्र बारलिंगे पुण्याच्या तत्त्वज्ञान विभागात गेले, आणि त्या विभागातून 'परामर्श' हे नियतकालिक मराठीत निघाले, हिंदीतही निघाले. पुण्याहून हिंदीत दर्शनाचे नियतकालिक निघते हे मला विद्यार्थिदशेत कळले असते तर छोट्या लाइनीने जबलपूरला पुस्तके शोधत गेले तेव्हा तेही मागितले असते. मराठीत दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा तत्त्वज्ञान महाकोश १९७४ साली निघाला. दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून 'आजचा सुधारक' मासिक सुरू केले, नाव सरळ आगरकरांच्या पत्रावरून घेतलेले. आपल्या भाषेत हे सगळे आहे. आपल्या ग्रंथालयात यातले काहीही नाही, आणि तो दोष माझा.

दुसरी एक गोष्ट माझ्या हातातली आहे ती मी करते आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय घेता येतात. आपल्या शाळेत ते नाहीत आणि सुरू करणे आपल्या हाती नाही. पण जुलैपासून दर शनिवारी शेवटचा तास अकरावीच्या तिन्ही शाखांच्या मुलांसाठी मी स्वतः घेणार आहे. परीक्षा नाही, गुण नाहीत. विज्ञानाच्या मुलांनी जरूर यावे. पहिल्या तासाला फळ्यावर डोंगर आणि धूर असेल.

त्या मुलीच्या अर्जाची मुदत अजून संपलेली नाही. वडिलांनी माझ्याकडून खर्चाचा अंदाज कागदावर लिहून नेला, आणि जाताना त्यांनीच विचारले, "ते पुस्तक कोणतं म्हणालात, हिंदीतलं?" सिन्हांचे पुस्तक मी त्यांना दिले. त्या मुलाला मी दरवर्षी 'आहे, घेऊन जा' म्हणते ते हेच. आता गणपतीत तो विचारेल तेव्हा सांगावे लागेल की दुसऱ्या कुणी नेले.

शिष्यवृत्तीच्या नियमातील बदलाचा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेपुढे ठेवत आहे. पालकांनी आपले मत लेखी, सहीनिशी, कार्यालयात आणून द्यावे. विरोधातले मतही अवश्य द्यावे, ते सभेत पूर्ण वाचून दाखवले जाईल. अट एकच: आधी माझे म्हणणे चार ओळींत नीट मांडावे, मग ते पाडावे.

— प्राचार्या